पानगळीत झाड ओळखायचं सालीवरून: खान्देशातल्या देशी झाडांसाठी सविस्तर मार्गदर्शक

फाल्गुनापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत खान्देशातल्या डोंगरांवर बहुतेक झाडं निष्पर्ण उभी असतात. यावलचं जंगल घ्या, चाळीसगावजवळचं पाटणादेवी घ्या, नाहीतर तोरणमाळच्या घाटातले उतार घ्या, सगळीकडे तेच. जंगलात फिरायला जाणारे मात्र याच दिवसांत जातात, कारण पावसाळ्यात वाटा बंद होतात. झाडांवरची बहुतेक पुस्तकं पानापासून सुरू होतात, मग फूल, मग फळ. सालीला शेवटी एखादी ओळ मिळते: 'साल राखाडी, खडबडीत'. एवढ्या वर्णनात सातपुड्यातलं निम्मं जंगल बसतं. बरोबरच्या कुणी 'हाई झाड कोनतं शे?' असं विचारलं की मग उत्तर सापडत नाही.

साल ही बारा महिने समोर असलेली आणि अतिशय भरवशाची खूण आहे. पण ती रंगावरून पाठ करता येत नाही. ती कशी तयार होते आणि का फाटते हे आधी समजून घ्यावं लागतं. मग भेगेचा आकार, ढलपीची जाडी, सुटणाऱ्या पापुद्र्याची दिशा या गोष्टी आपोआप लक्षात राहतात. म्हणून या लेखात नावांआधी रचना येते.

सालीवर जगभर जे लिहिलं गेलं आहे, त्यातलं बरंच चीड, देवदार अशा सूचिपर्णी झाडांबद्दल आहे. खान्देशात देशी सूचिपर्णी झाड एकही नाही. अंगणातली मोरपंखी आणि बंगल्यासमोरचा ख्रिसमस ट्री हे दोन्ही लावलेले पाहुणे. सुरूच्या झाडाला लोक सूचिपर्णी समजतात, पण ते फुलझाडांच्या गटातलं आहे आणि त्याच्या सुया म्हणजे बारीक हिरव्या डहाळ्या असतात. तरीही सालीचे मूळ नियम सगळीकडे बरेचसे सारखे आहेत, त्यामुळे इथं सादडा आणि अंजन वाचायला शिकलेला माणूस हिमालयात गेल्यावर चीड वाचू शकतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

साल कशी बनते

लाकूड आणि साल यांच्या मधोमध जिवंत पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो, त्याला कॅम्बियम म्हणतात. हा थर आतल्या बाजूला लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला साल. म्हणजे खोड जाड होतं ते आतून, आणि सालीवर कायम आतून बाहेर दाब येत राहतो.

सालीचे दोन भाग पडतात. आतली साल जिवंत, ओलसर असते. पानांत तयार झालेलं अन्न तिच्यातल्या रसवाहिन्यांमधून मुळांपर्यंत उतरतं. खोडाभोवती पूर्ण वळं काढून साल सोलली की झाड मरतं ते याचमुळे: मुळं उपाशी राहतात. ते लगेच दिसत नाही, मुळांतला साठा संपेपर्यंत झाड वरून हिरवं राहू शकतं.

बाहेरची साल मेलेली असते. तिथं बूच तयार करणारा आणखी एक थर असतो. बुचाच्या पेशी मेणचट भिंतींच्या आणि हवेनं भरलेल्या, त्यामुळे त्यांतून पाणी जात नाही आणि उष्णताही सहजासहजी आत पोहोचत नाही. झाडाचं वय वाढतं तसे या बूच थराच्या आत, आणखी खोलवर, नवे बूच थर तयार होतात. नव्या थराच्या बाहेर जे काही राहिलं त्याचा अन्नपाण्याशी संबंध तुटतो आणि ते मरतं. बाहेरची जाड साल अशी मेलेल्या थरांची चळत असते.

मेलेला थर वाढू शकत नाही आणि आतलं खोड वाढायचं थांबत नाही. मग बाहेरच्या थराला एक तर फाटावं लागतं, नाहीतर गळून पडावं लागतं. तो कसा फाटतो हे त्याच्या बांधणीवर ठरतं, आणि ओळखण्याचं सगळं मर्म इथंच आहे.

नवा बूच थर वक्राकार तुकड्यांत तयार होत असेल तर साल खपल्यांनी सुटते. तोच थर खोडाला लांबवर वेढून असेल तर मोठे पापुद्रे किंवा पत्रे निघतात. आतल्या सालीत लांब, चिवट तंतू असले की उभ्या पट्ट्या सुटतात. आणि मेलेले थर एकमेकांना घट्ट चिकटून वर्षानुवर्षं तसेच राहिले, तर साल जाड होत जाते, तिला खोल भेगा पडतात आणि शेवटी चौकटी उमटतात.

सालीवर बारीक ठिपके किंवा आडव्या उंचवट्याच्या रेघा दिसतात, त्या वल्करंध्रांच्या. त्यांतून आतल्या जिवंत पेशींना हवा मिळते. गुळगुळीत सालीवर त्या स्पष्ट दिसतात, भेगाळलेल्या सालीत भेगांच्या तळाशी दडतात.

बरोबर काय न्यायचं, कधी जायचं

सामान फार लागत नाही. वही आणि पेन्सिल, दहापट मोठं दाखवणारं भिंग, शिंप्याची टेप, पातळ पांढरे कागद, गडद मेणखडू आणि कागदी चिकटपट्टी. चाकू घरीच ठेवा. परदेशी मार्गदर्शिकांमध्ये सालीवर घाव घालून आतला रंग पाहायला सांगतात; आपल्याकडच्या कोरड्या जंगलात, ऐन उन्हाळ्यात, तसा घाव घालणं म्हणजे कीड आणि बुरशीला दार उघडून देणं. झाडाला अंगच्या जखमा पुरेशा असतात, त्या वाचायला शिका.

सकाळी लवकर निघा. एक कारण उन्हाचं: एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो. दुसरं कारण उजेडाचं. कोवळं ऊन खोडावर बाजूनं पडतं आणि प्रत्येक भेगेत सावली धरतं. मग खोली कळते. दुपारी बाराच्या उन्हात सादडा आणि साग दोन्ही सपाट दिसतात.

यावल, अनेर धरण, गौताळा औट्रमघाट ही अभयारण्यं आहेत. तिथं जाताना वनखात्याची परवानगी घ्या आणि खाली पडलेली ढलपीसुद्धा पिशवीत टाकू नका; 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथून काहीही बाहेर नेता येत नाही. जागेवर उचलून पाहावी आणि तिथंच ठेवावी.

सुरुवात मात्र अभयारण्यापासून करू नका. गावातल्या ओळखीच्या झाडांपासून करा. कडुलिंब, चिंच, बाभूळ, पिंपळ यांची नावं आधीच माहीत असतात, त्यामुळे सगळं लक्ष सालीवर देता येतं. रस्त्याकडेच्या झाडांवर गेरू आणि चुन्याचे पट्टे असतात, तिथं पट्ट्याच्या वरचा भाग पाहा.

पाहण्याचा क्रम

पहिलं, लांबून. वीसेक पावलांवर थांबा आणि खोडाचा एकूण रंग, उजळ की काळपट, एवढंच ठरवा. दगडफूल आणि धूळ जवळून रंग फसवतात, लांबून कमी.

दुसरं, जवळ जाऊन छातीच्या उंचीवर पाहा. वनखातं खोडाचा घेर 1.37 मीटरवर मोजतं, तीच उंची तुम्हीही धरा. रोज वेगळ्या उंचीवर पाहिलं तर तुलना होत नाही, कारण बुंध्याजवळची साल सगळ्यांत जुनी आणि वरची कोवळी असते. घेर मोजून लिहून ठेवा.

तिसरं, खोडाला पूर्ण वळसा घाला. एका बाजूनं पाहून नाव ठरवू नका. दक्षिण-पश्चिमेची उन्हानं भाजलेली बाजू आणि उत्तरेची सावलीतली बाजू यांत खूप फरक असतो.

चौथं, हात लावा. तळहात सपाट टेकवून वरून खाली फिरवा. साल मऊ बुचकी लागते, कडक लागते, की तंतुमय? नखानं हलकं दाबल्यावर खूण उमटते का? सुटा पापुद्रा बोटांत धरून पाहा, पण चिकटलेला ओढू नका. इथं एक इशारा देणं भाग आहे: बिब्ब्याच्या झाडाला हात लावायचा नाही. त्याचा रस हवेत काळा पडतो आणि कातडीवर फोड उठवतो. खोडावरून काळे ओघळ आलेले अनोळखी झाड दिसलं तर हात मागे घ्या.

पाचवं, खाली बघा. ही पायरी लोक गाळतात आणि सर्वांत जास्त माहिती इथंच सांडलेली असते. गळालेली ढलपी हातात घ्या, तिची कड भिंगाखाली धरा, थर दिसतात का बघा. मोडून पाहा: तंतू निघतात की भुगा होतो? वास घ्या. तिच्याशेजारी वाळलेली पानं आणि फळं असतातच. सागाचं भलं मोठं खरखरीत पान, सादड्याचं पाच पंखांचं फळ, टेंभुर्णीच्या फळाची वाळकी टोपी, हे सगळे तुमच्या अंदाजाचे साक्षीदार.

सहावं, मान वर करा. फांद्यांची साल बुंध्यापेक्षा वेगळी असते आणि ती त्या झाडाचं बालपण दाखवते.

वय ओळखल्याशिवाय नाव ठरत नाही: अंजनाचा धडा

अंजन हे खान्देशाचं झाड. धुळे-जळगावच्या मुरमाड, उथळ जमिनीत ते जसं तग धरतं तसं थोडीच झाडं धरतात. याचं लाकूड भारतातल्या सर्वांत जड लाकडांपैकी. जोडीजोडीनं येणाऱ्या पानांमुळे पावसाळ्यात ते चटकन कळतं. उन्हाळ्यात ते सालीवरून ओळखायला गेलात तर सुरुवातीला हमखास गोंधळ होतो, कारण तरुण अंजन आणि म्हातारा अंजन यांची साल दोन वेगळ्या झाडांची वाटते.

तरुण अंजनाची साल गुळगुळीत आणि रुपेरी पांढुरकी. खोड सडसडीत, फांद्यांची टोकं खाली झुकलेली. झाड वाढतं तशी ही साल करडी होते, मग बुंध्यापासून वर सरकत जाणाऱ्या वेड्यावाकड्या उभ्या भेगा पडतात आणि अरुंद ढलप्या सुटू लागतात. जुन्या झाडाची साल काळपट करडी, जाड, खरबरीत. मधल्या वयाचं झाड सापडलं तर ते सोन्यासारखी संधी समजा: बुंध्यात म्हातारी साल, डोक्याच्या वर तरुण साल आणि मधे दोन्हींची सरमिसळ, एकाच खोडावर. अशा झाडापाशी निवांत बसून चित्र काढावं.

अंजनाच्या आतल्या सालीत चिवट तंतू असतात. त्यापासून पूर्वी दोर वळत. गळालेली ढलपी मोडताना हे तंतू ताणले जातात आणि ती एका फटक्यात तुटत नाही. जुना अंजन आणि दुसरं एखादं काळपट भेगाळ झाड यांत शंका आली तर ही परीक्षा उपयोगी पडते. चाऱ्यासाठी वर्षानुवर्षं छाटलेल्या अंजनांचे बुंधे गाठाळ आणि जाडजूड होतात. अशा झाडांवर भेगांची मूळ ठेवण विस्कटलेली असते, म्हणून शिकण्यासाठी न छाटलेलं झाड निवडा.

उजळ खोडांचा गट: पांढरूक, सलई, धावडा, अर्जुन, हिवर

पानगळीत सातपुड्याच्या उतारावर लांबून नजरेत भरतात ती उजळ खोडं. सगळ्यांना 'पांढरं झाड' म्हणून मोकळं होऊ नका. पाच झाडं पाच तऱ्हांनी उजळ आहेत.

पांढरूक, ज्याला कांडोळही म्हणतात, सर्वांत पांढरं. साल गुळगुळीत, किंचित हिरवट झाक असलेली, वरून अगदी पातळ कागदी पापुद्रे सुटतात. ही हिरवी झाक म्हणजे पापुद्र्याखालचं हरितद्रव्य. पानं नसतानाही खोड थोडंफार अन्न तयार करतं. पांढरूक खडकाळ कड्यांवर, जिथं माती नावालाच असते तिथं उभं राहतं. त्याचा डिंक पाण्यात टाकला की फुगून गिळगिळीत होतो आणि जुन्या डिंकाला आंबूस, शिरक्याचा वास येतो. त्याच्या लाल फळांवर खुपणारे केस असतात, खाली पडलेलं फळ उघड्या हातानं उचलू नका.

सलई डोंगरउतारावर मोठ्या संख्येनं भेटते. रंग राखी-हिरवट, कधी पिवळसर. हिचेही पापुद्रे कागदी, पण पांढरूकाइतके शुभ्र नसतात, आणि हिच्यात राळ असते. जुन्या जखमेवर सोनेरी थेंब वाळलेले असतात. बोटांनी चोळा, सुगंध येतो. हाच सलई गुग्गुळ, धूप म्हणून जळणारा. पांढरूक की सलई हा प्रश्न डोळ्यांनी सुटला नाही तर नाकानं सुटतो.

धावडा उजळ करडा, गुळगुळीत. त्याची साल पापुद्र्यांनी सुटत नाही, लहान अनियमित खपल्यांनी सुटते, आणि प्रत्येक खपली पडते तिथं उथळ खळगा उरतो. त्यामुळे खोडावर फिकट आणि गडद ठिगळं दिसतात. तळहात फिरवला की हे खळगे जाणवतात; पांढरूकावर हात सरळ घसरतो. धावड्याच्या डिंकाचे लाडू आपल्याकडे बाळंतिणीला देतात, त्या डिंकाचे फिकट पिवळे खडे खोडावरच्या जखमेपाशी पाहायला मिळतात.

अर्जुन, म्हणजे अर्जुनसादडा, पाण्याजवळचा. अनेर, गिरणा, पांझरा यांच्या काठानं चालत गेलात तर त्याचं दणकट खोड दिसेल. साल मोठ्या, पातळ, सपाट पत्र्यांनी गळते आणि मागे हिरवट-गुलाबी झाक असलेली कोरी साल राहते. वर सांगितलेला नियम आठवा: बूच थर लांबवर पसरलेला, म्हणून पत्रा मोठा. या झाडाच्या सालीला औषधी म्हणून मागणी आहे, आणि त्यापायी कित्येक नदीकाठी माणसाच्या उंचीपर्यंत सोललेले अर्जुन दिसतात. जो पत्रा झाड स्वतः टाकतं तो मेलेला असतो. कोयत्यानं काढलेली साल जिवंत असते आणि ती सगळ्या बाजूंनी निघाली की झाड वाचत नाही. सोलणारा ओळखीचा असेल तर त्याला हा फरक दाखवून सांगावा.

हिवर बाभळीच्या कुळातलं, माळरानावरचं. काटे पाहून बाभूळ वाटते, पण साल पिवळसर पांढरी. एवढी खूण पुरे.

काळपट, भेगाळ खोडांचा गट

इथं जास्त वेळ द्या, कारण खरी कसोटी इथं लागते.

सादडा, कोकणात आणि घाटावर ज्याला ऐन म्हणतात, त्याची साल सुसरीच्या पाठीसारखी असते: खोल उभ्या भेगा, त्यांना छेदणाऱ्या आडव्या भेगा, आणि मधे उंच, लांबट चौकटी. काळपट करडी, खूप जाड. मेलेले थर घट्ट चिकटून राहिले की काय होतं याचं हे सर्वांत स्पष्ट उदाहरण. अर्जुन याचाच सख्खा भाऊ, तरी त्याची साल पत्र्यांनी गळते. एकाच कुळातल्या दोन झाडांनी दोन रस्ते धरले. एकदा ही जोडी शेजारी शेजारी पाहून घ्या.

टेंभुर्णीची साल कोळशासारख्या रंगाची आणि चौकटींचीच, पण चौकटी लहान आणि जवळजवळ चौरस. टेंभुर्णीची बहुतेक खोडं बारीक असतात कारण विडीच्या पानासाठी झाडं वारंवार तोडली, छाटली जातात. चारोळीचीही साल काळपट आणि चौकटींची. या तिघांत शंका उरली तर पाचव्या पायरीकडे परत या. सादड्याखाली पाच पंखी फळं आणि, वाळलेल्या पानाच्या मागे देठाजवळ, मध्यशिरेला लागून गाठीसारख्या दोन ग्रंथी सापडतात. टेंभुर्णीखाली चामड्यासारखी पानं. एका खुणेवर नाव ठेवू नये, दोन साक्षी घ्याव्यात.

खैर आणि बाभूळ यांची गल्लत शेताच्या बांधावर होते. बाभळीची साल काळपट तपकिरी, उभ्या खोल भेगांची, आणि ती खोडाला धरून राहते. खैराची साल लांब अरुंद पट्ट्यांनी सुटते, पट्ट्या खालच्या किंवा वरच्या टोकाला लोंबत राहतात, आणि त्यांच्या आतली बाजू तांबूस. काटे पाहिले तर प्रश्नच मिटतो: बाभळीचे लांब, सरळ, पांढरे, खैराचे आखूड आणि वाकडे.

साग या गटात बसत नाही, तरी गर्दीत तोच जास्त. त्याची साल फिकट तपकिरी करडी, उथळ उभ्या चिरांची, आणि पातळ तंतुमय पट्ट्यांनी सुटणारी. सादड्याच्या शेजारी उभं केलं की सागाची साल किती पातळ आणि मवाळ आहे ते कळतं. मोहाची साल गडद, भेगा आणि खपल्यांची. जखमेतून पांढरा चीक येतो, त्यावरून खात्री होते.

शेमटाला काही भागांत मोई म्हणतात. साल करडी, गोलसर लहान खपल्या पडतात आणि जुन्या जखमेच्या कडेला लाल झाक डोकावते. काटेसावरीच्या तरुण खोडावर शंकूच्या आकाराचे दणकट काटे असतात, झाड मोठं झाल्यावर ते झिजतात, तेव्हा वरच्या फांद्यांवर शोधा. पळसाबद्दल फार सांगायला नको, फाल्गुनात त्याची फुलंच बोलतात.

जखमा, डिंक आणि वणव्याच्या खुणा

कुऱ्हाड, गुरं, वारा, माकडं, कीड यांनी झालेल्या जखमा प्रत्येक जंगलात असतात. तिथं वाळलेला रस पाहा. पळस, बिवळा आणि तिवस यांच्या जखमेतून लाल रस येतो आणि वाळून माणकाच्या रंगाचे ठिसूळ खडे होतात. या तिघांत साल आणि बांधा वेगळा असल्यानं गोंधळ होत नाही. बाभळीचा डिंक तांबूस, धावड्याचा फिकट. घरी परीक्षा करायची तर स्वतःच्या बांधावरच्या झाडाचा खडा घ्या आणि वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवा. डिंक विरघळतो किंवा फुगतो. राळ पाण्यात विरघळत नाही. सलईच्या रसात दोन्ही असतं, म्हणून पाणी दुधाळ होतं.

वणवा हा सातपुड्याचा उन्हाळ्यातला नेहमीचा घाव. कॅम्बियमचं तापमान साधारण 60 अंश सेल्सिअसवर गेलं की ते मरतं. जाड बुचाची साल ही उष्णता आत पोहोचू देत नाही, त्यामुळे जमिनीवरून सरकणाऱ्या आगीतून मोठा सादडा बचावतो आणि त्याच आगीत पातळ सालीची रोपं जळून जातात. उतारावरच्या झाडाचा बुंधा पाहताना चढाच्या बाजूनं जाऊन पाहा. वरून घसरलेला पालापाचोळा तिथं अडकतो, ज्वाळाही तिथं जास्त वेळ रेंगाळतात, म्हणून जळल्याची त्रिकोणी खोबण बहुधा त्याच बाजूला असते. तिच्या दोन्ही कडांनी नवी साल आत सरकताना दिसते. अशी खोबण असलेल्या झाडावर सालीचा नेहमीचा नमुना पाहू नका, खोडाच्या दुसऱ्या अंगाला जा.

बांधावरच्या झाडांना तारेचे फास, खिळे आणि जाहिरातींच्या पाट्या असतात. खोड जाड होतं तशी तार सालीत रुतते आणि अन्नाची वाट अडवते. आपल्या शेतातली अशी तार या उन्हाळ्यात सैल करा. रुतून गेली असेल तर ओढून काढू नका, दोन्ही बाजूंनी कापून मधला तुकडा तसाच राहू द्या.

हिमालयात गेलात तर

आपल्याकडून दर उन्हाळ्यात चारधामला कितीतरी लोक जातात. ऋषिकेशहून वर निघालं की साधारण 500 ते 2000 मीटरच्या पट्ट्यात चीड भेटतो. त्याची साल तांबूस तपकिरी, जाड, खोल भेगांनी मोठ्या तुकड्यांत विभागलेली. भेगा पाहून सादडा आठवेल, पण ढलपीची कड निरखली की पातळ पापुद्र्यांची चळत दिसते आणि ते बोटांनी सुटे होतात. वक्र बूच थर एकाखाली एक तयार होत गेले आणि बाहेरचे थर बराच काळ गळाले नाहीत, त्याची ही नोंद. चिडाच्या सालीत आणि लाकडात राळेच्या नळ्या असतात. खोडावर खाचा पाडून, भांडी लावून काढतात तो लिसा. चिडाची जाड सालही आगीला दाद देत नाही, आणि तिकडचे चिडाचे रान दर उन्हाळ्यात पेटतं.

आणखी वर चिडाचाच भाऊबंद कैल दिसतो. तरुण झाडाची साल करडी आणि गुळगुळीत. खात्रीसाठी सुया मोजा: चिडाला एका झुबक्यात तीन, कैलाला पाच. गंगोत्री, हर्षिलच्या बाजूला देवदार. त्याची साल करडी तपकिरी, उभ्या भेगांना तिरप्या भेगा जोडलेल्या. सूचिपर्णी झाडांच्या आतल्या सालीत आपल्याकडच्या झाडांसारख्या, अन्न वाहून नेणाऱ्या लांब चाळणनलिका नसतात, सुट्या चाळणपेशी असतात. ते भिंगानं दिसणार नाही, पण बाहेरचा नमुना वाचायची रीत तीच.

गंगोत्रीच्या वर भोजबासाकडे जाणाऱ्यांना भोजपत्र दिसेल. ते सूचिपर्णी नाही, पण पांढरूक ओळखणाऱ्याला त्याचे आडवे सुटणारे पापुद्रे पाहून आनंद होईल. त्याच पापुद्र्यांवर जुन्या पोथ्या लिहिल्या गेल्या. तिथंही सोलू नका, ती झाडं आधीच कमी झाली आहेत.

ठसा आणि नोंद

फोटोपेक्षा ठसा जास्त शिकवतो, कारण तो काढताना हात भेगेतून फिरतो. कागद छातीच्या उंचीवर कागदी चिकटपट्टीनं बसवा, खिळा नको. मेणखडू आडवा धरून एकाच दिशेनं, हलक्या हातानं घासा. सुट्या पापुद्र्यांच्या झाडावर, म्हणजे सलई आणि पांढरूकावर, ठसा घेऊ नका, पापुद्रे फाटतात. तिथं चित्र काढा. कागदाच्या कोपऱ्यात तारीख, जागा, घेर, खोडाची दिशा आणि उतार लिहा. फोटो काढलाच तर फ्लॅश बंद ठेवा आणि मापासाठी टेप चौकटीत येऊ द्या.

नोंदीत रंगाआधी क्रिया लिहा: सुटते, चिकटून राहते, सोलते, तडकते. 'करडी' असा शब्द पाच झाडांना लागू होतो. 'लहान खपल्यांनी सुटते, खळगा उरतो' हे वर्णन धावड्यापाशीच जातं. नावाची खात्री नसेल तर जागा रिकामी सोडा आणि झाडाला खूण म्हणून जवळचा दगड, नाला, पायवाट यांचं वर्णन लिहून ठेवा. गावातल्या जुन्या गुराख्याला किंवा पाड्यावरच्या भिल्ल, पावरा मंडळींना ठसा दाखवा. ती नावाबरोबर त्या सालीचा उपयोगही सांगतात. नाव त्यांच्या बोलीतलं असेल तर ते जसंच्या तसं लिहून घ्या.

आषाढात पानं फुटली की याच वहीसकट त्याच झाडापाशी जा. पान, देठ आणि फुलाची कळी पाहा आणि रिकाम्या जागा भरा. उन्हाळ्यातला अंदाज चुकला असेल तर तो खोडू नका, शेजारी खरं नाव लिहा आणि कोणत्या खुणेनं दिशाभूल केली ते एका ओळीत नोंदवा. पुढच्या फाल्गुनात जंगलात शिरण्याआधी सर्वांत आधी त्याच ओळी वाचायच्या.